वॉरंटी गेली म्हणजे नेमकी कुठे गेली?

हल्ली मोटरसायकलवाल्याला घाबरवायला भूत लागत नाही आणि ट्रॅफिक हवालदारही लागत नाही. "सर, वॉरंटी जाईल हं," एवढं म्हटलं की पुरे. लडाखला जाऊन आलेला, गुडघ्याला गार्ड बांधून फिरणारा भलाभला गडी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरपुढे एकदम मवाळ होतो. काय जाईल, किती जाईल, कुठल्या कलमाखाली जाईल, काही विचारत नाही. मान हलवतो आणि बिलावर सही करतो.

याच्या बरोबर उलट टोकाला आपली बायकर मंडळी. त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणजे, "काही होत नाही रे. सर्व्हिसला टाकायच्या आधी काढून ठेवायचं, गाडी परत आली की लावायचं. कोणाला कळतंय?"

मला विचाराल तर ही दोन्ही वाक्यं खोटी आहेत, आणि एकमेकांच्या आधारावर उभी आहेत. गिऱ्हाईक लपवतं म्हणून सर्व्हिस सेंटर सरसकट नाही म्हणतं, आणि सर्व्हिस सेंटर सरसकट नाही म्हणतं म्हणून गिऱ्हाईक लपवतं. मधल्या मधे वॉरंटी नावाचा जो करार आपण पैसे मोजून घेतलेला असतो, तो कोणी वाचतच नाही. आज त्याबद्दल जरा तावातावाने लिहिणार आहे. निमित्त आहे फ्युएल ट्यूनरचं.

आधी ट्यूनर म्हणजे काय ते सांगतो. (ब्लॉगवाली मंडळी, तुम्ही एवढा भाग ओलांडलात तरी चालेल. हा काका-मावशींसाठी. मागच्या लेखानंतर मावशीचा फोन होता, "तू लिहितोस छान, पण कशाबद्दल ते मात्र कळत नाही." :) )

तर मावशी, काकांच्या येझदीला कार्ब्युरेटर होता ते तुला आठवत असेल. हवा आत जायची, जेटमधून पेट्रोल ओढलं जायचं, दोन्ही मिसळून इंजिनात. मिश्रण बिघडलं की मेकॅनिक एका हाताने ॲक्सिलरेटर पिळत, दुसऱ्या हाताने स्क्रू ड्रायव्हर फिरवत कान लावून ऐकायचा. त्याला म्हणायचे ट्यूनिंग. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक सगळ्या मोटरसायकलींतून कार्ब्युरेटर गेला. आता इंजेक्टर पेट्रोल फवारतो, आणि किती फवारायचं ते ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर ठरवतो. हवेचं तापमान, हवेचा दाब, थ्रॉटल किती उघडलाय, इंजिन किती तापलंय, हे सगळं सेन्सर त्याला सांगतात. सायलेन्सरच्या पाइपात एक ऑक्सिजन सेन्सर असतो. तो जळून बाहेर पडलेल्या वायूकडे बघून कळवतो, की पेट्रोल कमी पडलं का जास्त झालं.

शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते. पेट्रोल त्यापेक्षा कमी पडलं तर मिश्रण 'लीन', जास्त झालं तर 'रिच'. प्रदूषणाच्या नियमांपायी आजच्या गाड्या एका वेगात शांतपणे चालत असताना या आकड्याच्या अगदी आसपास ठेवलेल्या असतात, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिथेच नीट काम करतो. एरवी त्यात वाईट काही नाही. पण सिंगल सिलिंडरची, हवेवर थंड होणारी गाडी घेऊन एप्रिलच्या दुपारी सिंहगड रोडच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर तासभर रखडलात, की ती धक्के खायला लागते, पिकअप जड होतो आणि मांड्या भाजतात. त्यात सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदललेला असला तर हवा आणखी जास्त, आणि पेट्रोल मात्र कंपनीच्या जुन्या हिशोबाने.

ट्यूनर हा हिशोब बदलतो. ईसीयूने ठरवलेल्या पेट्रोलात थोडं जास्त किंवा कमी करतो. त्यात जादू काही नाही. पूर्वी जे काम स्क्रू ड्रायव्हर करायचा तेच हा वायरीतून करतो.

आता तो घ्यायचा कसा? आपल्या बायकर मंडळींचा यावरचा सल्ला म्हणजे, "मी हा लावलाय, मक्खन चालते, तूही हाच लाव." याला निवड म्हणत नाहीत, याला भिशी म्हणतात. बाजारात जे मिळतं ते साधारण चार प्रकारचं असतं, आणि त्या चारांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिला प्रकार, ऑनलाइन 'चिप' म्हणून मिळणारी डबी. फोडून बघितलीत तर बहुधा आत एक साधा रेझिस्टर निघेल. हवेच्या तापमानाच्या सेन्सरचा विरोध थंडीत वाढतो. त्याच्या वायरीत आणखी विरोध टाकला की ईसीयूला वाटतं बाहेर महाबळेश्वरची थंडी आहे, आणि तो पेट्रोल वाढवतो. सगळीकडे वाढवतो, हवं तिथे आणि नको तिथेही. एका वेगात चालताना ऑक्सिजन सेन्सर ओरडतो, "अरे, जास्त झालं," आणि ईसीयू ते परत कमी करतो. हाती काय राहिलं? तर सकाळी गाडी सुरू करताना काळा धूर. हीच कल्पना जास्त विचारपूर्वक वापरलेले प्लगही मिळतात, त्यांना मी या डबीच्या पंगतीला बसवत नाही. पण ऑक्सिजन सेन्सरची मर्यादा त्यांनाही आहेच.

दुसरा प्रकार पिगीबॅक. ईसीयू आणि इंजेक्टर यांच्या मधे बसणारा. अमेरिकेच्या डायनोजेटचा पॉवर कमांडर हे यातलं सगळ्यांत जुनं-जाणतं नाव, आणि आपल्याकडे बंगळूरच्या रेस डायनॅमिक्सचे फ्युएलएक्स आणि पॉवरट्रॉनिक. चांगला पिगीबॅक गाडीच्याच कपलरमध्ये बसतो, एकही वायर कापावी लागत नाही, आणि काढला की गाडी होती तशी. मात्र यातही दोन जाती आहेत. काही फक्त पेट्रोल बदलतात, काही ठिणगी कधी पडावी हेही बदलतात. ठिणगी बदलणारा ट्यूनर चुकीच्या हातात पडला तर इंजिन ठोकायला लागतं आणि पिस्टनपर्यंत मजल जाते. रोजच्या ऑफिसच्या गाडीला तो कशाला हवा, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

तिसरा प्रकार रिफ्लॅश, म्हणजे कंपनीच्या ईसीयूतलाच प्रोग्रॅम बदलणं. काम सफाईदार होतं, लोंबणारी डबी नाही. पण तुम्ही कंपनीच्याच वहीत खाडाखोड करता, आणि बऱ्याच ईसीयूंमध्ये तिची खूण राहते. चौथा प्रकार म्हणजे अख्खा ईसीयूच नवा. तो शर्यतवाल्यांचा खेळ आहे, आपण त्यात पडू नये.

या सगळ्यांत दुकानदाराला विचारायचा खरा प्रश्न एकच: "ऑक्सिजन सेन्सरचं हा काय करतो?" पिगीबॅकने पेट्रोल वाढवलं आणि ऑक्सिजन सेन्सर तसाच ठेवला, तर दोघांची रस्सीखेच चालते, हा वाढवतो, ईसीयू कमी करतो. म्हणून काही ट्यूनर सेन्सरचा सिग्नलच बदलून पाठवतात. तसं असेल तर किती आणि कधी बदलतात ते समजून घ्या, कारण सतत रिच चालणारी गाडी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तापवते आणि इंजिन ऑइलमध्ये पेट्रोल उतरवते. दुसरं असं, की गाडीचा मूळ सेन्सर बहुतेक वेळा 'नॅरोबँड' असतो. मिश्रण त्या १४.७ च्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढंच त्याला कळतं. किती पलीकडे ते कळत नाही. त्यासाठी वाइडबँड सेन्सर लागतो. तेव्हा नुसता मूळ सेन्सर वापरून "हा आपोआप परफेक्ट ट्यून करतो" असं कोणी म्हणालं, तर शांतपणे विचारा, "मोजतो कशाने?" उत्तर आलं नाही तर चहा पिऊन घरी या.

आणि सगळ्यांत आधीचा प्रश्न स्वतःला. गाडी स्टॉक आहे, त्रास काही नाही, मग ट्यूनर कशाला? मित्राकडे आहे म्हणून? त्या पैशात चांगले टायर येतात.

आता मुद्द्यावर येतो. वॉरंटी.

वॉरंटी म्हणजे कंपनीने दिलेलं लेखी वचन: अमुक वर्षं किंवा अमुक किलोमीटर, यातलं जे आधी संपेल तोवर, बनावटीत किंवा मालात दोष निघाला तर आम्ही दुरुस्त करून देऊ. त्या वचनाला अपवाद असतात. गाडीत फेरफार केले, मान्यता नसलेले भाग लावले, तर वॉरंटी लागू नाही, अशा अर्थाचं कलम बहुतेक पुस्तिकांत असतं. प्रश्न आहे त्या कलमाच्या अर्थाचा. फेरफारामुळे जे बिघडलं त्याला वॉरंटी नाही, हे मला शंभर टक्के मान्य. पण फेरफार केला म्हणून न बदललेल्या, त्याच्याशी काडीचा संबंध नसलेल्या भागांचीही वॉरंटी गेली, हा कुठला न्याय?

गोष्ट हवेतली नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याच्या गाडीच्या मीटरमध्ये पाणी शिरलं. काचेच्या आत बाष्प, आकडे पुसट. गाडी दीड वर्षाची, वॉरंटीत. सर्व्हिस सेंटरला नेली. गाडीला पिगीबॅक ट्यूनर होता, आणि त्याने तो काढून नेला नव्हता, कारण मीच त्याला तसं बजावलं होतं.

"सर, आफ्टरमार्केट ट्यूनर लावलाय ना, मग वॉरंटी गेली."

मी म्हटलं, "मीटरची?"

"सगळीच, सर. सिस्टीमच घेत नाही."

"पावसाचं पाणी मीटरमध्ये ट्यूनरमुळे शिरलं, असं म्हणताय का?"

"तसं नाही सर, पण पॉलिसी आहे."

मी म्हटलं ठीक आहे, हेच जॉब कार्डवर लिहून द्या: मीटरमध्ये पाणी शिरलं, फ्युएल ट्यूनर असल्यामुळे वॉरंटी नाकारली, पुस्तिकेचं कलम अमुक. इथे मात्र गाडं अडलं. लिहून द्यायला कोणी तयार होईना. मॅनेजर आत गेले, बाहेर आले, चहा आला. शेवटी आम्ही जॉब कार्डचा नंबर, मीटरचे आणि ट्यूनरचे फोटो आणि वॉरंटीचं कलम जोडून कंपनीला ईमेल केली. अकरा दिवसांनी फोन आला की मीटर बदलून देतोय, 'गुडविल' म्हणून.

या 'गुडविल' शब्दाने माझं डोकं फिरलं. मीटर मिळालं, भाचा खूश, ताई खूश. पण हक्काच्या गोष्टीला उपकाराचं वेष्टन घालून दिलं, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला परत "सिस्टीम घेत नाही" म्हणायला हे मोकळे. आणि तो पुढचा बहुधा ईमेल लिहीत बसणार नाही. खिशातून पैसे काढेल.

"पण कायदा काय म्हणतो?" असं आमचे नानाकाका विचारतीलच. तर नानाकाका, अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नसन-मॉस नावाचा कायदा आहे. आमच्याच ब्रँडचे भाग वापरा, आमच्याच माणसाकडून दुरुस्ती करा, नाहीतर वॉरंटी नाही, अशी अट तिथे सहसा घालता येत नाही. याच कायद्याच्या आधारे जून २०२२ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने हार्ले-डेव्हिडसनवर कारवाई केली, आणि बाहेरचे भाग वापरल्याने किंवा बाहेर दुरुस्ती केल्याने वॉरंटी जात नाही, हे वॉरंटीच्या कागदावर स्पष्ट लिहायला लावलं.

आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. पण अगदीच अंधार आहे असंही नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना सुमारे २५४४ कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती त्यांनी आपल्या मुठीत ठेवली, हा मुख्य आरोप. त्याच आदेशात असंही सांगितलं होतं की बाहेरच्या गॅरेजात काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच रद्द करता येईल. आता खरं ते सांगायला हवं. तो आदेश कार कंपन्यांचा होता, मोटरसायकलींचा नव्हता, दुरुस्तीबद्दल होता, ट्यूनरबद्दल नव्हता, आणि त्याविरुद्ध अपिलंही झाली. तेव्हा सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर तो आपटून काही होणार नाही. पण त्यातलं तत्त्व बघा. जेवढं नुकसान तेवढीच वॉरंटी बाद. याहून साधं आणि रास्त काय असू शकतं?

शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. त्यात 'अन्याय्य करार' ही व्याख्याच आली आहे, आणि अशा कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे जाता येतं. सदोष माल आणि सेवेतली कुचराई यासाठी जिल्हा आयोग आहे. दोष तपासल्याशिवाय कळत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून नोंद करून ठेवायची, अनेकदा प्रकरण तिथेच मिटतं.

आता कंपनीची बाजू. "आम्ही लाखो गाड्या विकतो. प्रत्येक गाडीत कोणी काय खुपसलंय ते कुठे शोधत बसू? ट्यूनर लावून इंजिन फोडायचं आणि भुर्दंड आम्ही भरायचा?" या म्हणण्यात तथ्य आहे. ठिणगीची वेळ पुढे ओढून कोणी पिस्टन जाळला, तर कंपनीने नाही म्हणावं, मी कंपनीच्या बाजूने उभा राहीन. इंजेक्टर, फ्युएल पंप, ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, व्हॉल्व्ह, पिस्टन, या ट्यूनरच्या वाटेवरच्या गोष्टी. तिथे भांडण होणार, आणि ट्यूनर लावणाऱ्याने ते मनाशी धरूनच लावावा. पण मीटर, फ्रेमचं वेल्डिंग, फोर्क, ब्रेकचा मास्टर सिलिंडर, चाकाचा रिम? यांचा आणि पेट्रोलच्या मिश्रणाचा संबंध काय? तो संबंध दाखवायचं काम नाही म्हणणाऱ्याचं.

आणि कंपन्यांनी फार सोवळेपणा सांगू नये. हार्लेचंच बघा. बाहेरचा भाग लावला तर वॉरंटीचं भय, पण स्वतः मात्र 'फक्त शर्यतीसाठी' म्हणत सुपर ट्यूनर विकत होती. सुमारे ३ लाख ४० हजार विकल्यावर अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने गाठलं. ऑगस्ट २०१६ मध्ये कंपनीने १ कोटी २० लाख डॉलर दंड मान्य केला, आणि ते ट्यूनर विकणं थांबवून दुकानांतला साठा परत घेऊन नष्ट करायचं कबूल केलं. म्हणजे फेरफार आमच्या दुकानातून घेतला तर छंद, आणि बाहेरून घेतला तर गुन्हा!

आणखी एक फेरफार आहे, ज्याचं नाव कोणीच घेत नाही. तो तुमच्या-माझ्या गाडीत आम्हाला न विचारता झाला. पेट्रोल बदललं! २०२५ मध्ये देशाने २० टक्के इथेनॉल मिश्रणाचं उद्दिष्ट गाठलं, मूळच्या २०३० च्या मुदतीआधी पाच वर्षं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, वजनाने सुमारे ९ पट. त्यामुळे ई-२० ला साडेतेरा पटीच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त हवं. दहा टक्के इथेनॉलच्या हिशोबाने जुळवलेली जुनी गाडी, ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत नाही त्या वेळी, म्हणजे थ्रॉटल पूर्ण उघडलेला असताना, सुमारे चार टक्के लीन चालते. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबर, पाइप वगैरे ई-२० ला चालतील असे बनवलेत. त्याआधीच्या गाडीवाल्याने काय करायचं? २०२५ च्या सप्टेंबरमध्ये यावरची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. ठीक आहे, धोरण धोरणाच्या जागी. आयात वाचते, ऊसवाल्याला भाव मिळतो, मला त्यावर इथे वाद घालायचा नाही. पण चार टक्के लीन करणारं पेट्रोल पंपावर भरलं तर तो फेरफार नाही, आणि ते चार टक्के भरून काढायला डबी लावली तर मीटरचीसुद्धा वॉरंटी खलास, हा हिशोब मला कोणी समजावून सांगेल का?

आता आपल्या मंडळींकडे वळतो. राग आला तरी चालेल.

काढून ठेवून सर्व्हिसला नेणं ही हुशारी नाही, फसवणूक आहे. एक तर ती पकडली जाते. कपलरवरचे ओरखडे आणि ईसीयूत साठलेल्या नोंदी बोलतात. आणि पकडली गेली की मीटरचंही भांडण तुम्ही हरलात, कारण आता मुद्दा मीटरचा राहत नाही, तुमच्या शब्दाचा होतो. कंपनीकडे लेखी कारण मागायचं असेल तर आपल्याकडेही लपवण्यासारखं काही नको.

दुसरं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून मोकळा पाइप लावायचा, कॉलनीतल्या तान्ह्या पोरांना उठवायचं, आणि वर "वॉरंटीसाठी लढतोय" म्हणायचं, हे चालणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांना छेद जाईल असे बदल गाडीत करता येत नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात बेकायदा फेरफारासाठी दर फेरफाराला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली, आणि धूर-आवाजाचे नियम मोडले तर १०,००० रुपयांपर्यंत दंड. ट्यूनर आरसी बुकाच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, पण तेवढ्याने तो आपोआप कायदेशीर ठरतो असं समजू नका. गाडी पीयूसीत पास व्हायलाच हवी. पोलीस सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावरून रोडरोलर फिरवतात, तेव्हा मला तरी वाईट वाटत नाही.

तेव्हा कोणाला ट्यूनर लावायचाच असेल, तर माझ्या मते रीत अशी. वॉरंटीची पुस्तिका आधी वाचा, लावल्यावर नाही. त्यात 'संबंधित भागाची वॉरंटी' लिहिलंय की 'संपूर्ण वॉरंटी', ते बघा; त्या एका शब्दावर पुढचं सगळं ठरतं. कंपनीच्याच अॅक्सेसरीमध्ये काही मिळत असेल तर आधी त्याची चौकशी करा. वायर कापणारं, सोलणारं, टेप गुंडाळणारं किट घेऊ नका. जाहिरातीत 'वॉरंटी सेफ' लिहिलं असेल तर दुकानदाराला ते बिलावर लिहून द्यायला सांगा. किती जण लिहून देतात ते मला कळवा. :) बसवण्याआधी आणि नंतर फोटो काढा, किलोमीटरच्या आकड्यासकट. मूळ भाग रद्दीवाल्याला देऊ नका. फ्री सर्व्हिस एकही चुकवू नका, कारण ती चुकली तर ट्यूनरचं निमित्तसुद्धा लागत नाही. आणि नकार आला तर आवाज चढवू नका. फक्त म्हणा, "कारण लिहून द्या." माझा अनुभव असा की बोलताना पहाडासारखा वाटणारा नकार कागदावर उतरवायची वेळ आली की बराच लहान होतो.

ताई, हे तुझ्यासाठी. तू मला फोनवर म्हणालीस, "पोराला नसत्या गोष्टी शिकवू नकोस." ट्यूनर लावायला मी त्याला शिकवलेलं नाही, तो त्याने आपल्या पगारातून घेतला. मी शिकवलं ते एवढंच, की लावलंस तर लपवू नकोस, आणि नाही म्हटलं तर का ते विचार. यातलं नसतं काय ते सांग.

असो. फार लांबलं. तुमच्यापैकी कोणाला असा लेखी नकार मिळाला असेल तर कलमासकट जरूर कळवा. तोंडी किस्से माझ्याकडे भरपूर आहेत, कागद मात्र एकही नाही.

ता. क. - "नवीन गाडी घेतली, कालच शोरूममधून आणली, कुठला ट्यूनर घेऊ?" असं विचारणाऱ्यांना आधीच उत्तर देऊन ठेवतो: कुठलाच नको. निदान पहिली सर्व्हिस तरी होऊ दे की रे बाबा.